सेन्योरची मान

गुड फ्रायडेच्या सकाळी साडेनऊच्या सुमारास सेन्योरचे केस निलाच्या हातात आले. दोन-चार नव्हे, सगळेच. कानामागची टाचणी गंजून तुटली होती, केसांचा टोप एका अंगाला कलला होता, तो सरळ करावा म्हणून तिने नुसतं बोट लावलं आणि टोप अस्तरासकट सुटून तिच्या मनगटावर लोंबायला लागला. दरवर्षी काचेच्या शवपेटीतून मनिलाजवळच्या मलाबोनच्या गल्ल्यांमधून मिरवणारा, क्रुसावरून नुकताच उतरवलेला, अर्धवट उघड्या डोळ्यांचा हस्तिदंती प्रभू तिच्यापुढे जेवणाच्या टेबलावर बोडका निजला होता. निलाने चटकन पाठ फिरवली. पन्नास वर्षांची बाई, पण न्हाणीघराचं दार चुकून उघडलं गेल्यासारखी शरमली. सेन्योरचे केस घरातल्या थोरल्या बाईनेच काढायचे आणि घालायचे, बाकीच्यांनी पाठ करून पडदा धरायचा, हा त्यांच्या घरचा पाच पिढ्यांचा नेम. निला सातव्या वर्षापासून पडदा धरत आली होती. पडद्यामागे आईची कुजबुज ऐकू यायची, कलोनचा वास यायचा, कापडाची सळसळ व्हायची, आणि मग आई म्हणायची, “झालं, वळा आता.” या वर्षी आईचे हात इतके थरथरत होते की कपडे निलानेच चढवले. फक्त केसांचं सांगून ठेवलं होतं म्हातारीने, केसांना हात लावायचा नाही, ते मी बघेन. आणि चाकाचा वॉकर ढकलत ती न्हाणीघराकडे गेली होती. तिला जाऊन यायला वीस मिनिटं तरी लागत.

केस हातात घेऊन निला तशीच उभी राहिली. हे केस तिचे स्वतःचे होते. एकोणिसाव्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं, ती वाचली, आणि नवस म्हणून कमरेपर्यंतचे केस कापून तिने सेन्योरला दिले. आता तिच्या डोक्यावर पिकलेला आखूड बॉबकट होता आणि हातात तिचे एकोणीस वर्षांचे केस, काळेभोर, जड, नारळाच्या तेलाच्या वासाचे. आपलाच हात धरून आपल्याला कुणी तरी अडवावं तसं तिला झालं. पण टाचणी बदलायलाच हवी होती. बारा वाजता दार उघडायचं, रांग लागायची, लोक रुमाल घेऊन यायचे. ती वळली. टोप बसवायला वाकली. आणि तेव्हा तिला ती रेघ दिसली. एका कानामागून निघून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत गेलेली, प्लॅस्टिकच्या बादलीला बाजूने असते तशी, घासून बुजवलेली पण पुरती न बुजलेली सरळ रेघ. डाव्या कानामागे मसुराएवढा रंग उडाला होता. आत पांढुरकं, राखाडी, आणि त्यात सुईच्या टोकाएवढं एक भोक. ओतताना बुडबुडा राहतो ना, तसं.

निला शहराच्या जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीत सत्तावीस वर्षं बसत होती. खोटा शिक्का, खोटी सही, फोटोकॉपीवर गिरवलेली शाई तिला हात लावल्याबरोबर कळे. लोक तिला मागे ‘भिंग’ म्हणायचे आणि ते तिला ठाऊक होतं, थोडंसं आवडतही होतं. त्यामुळे आता तिला कळायला काही वेळ लागला नाही. कळायचं नव्हतं, एवढंच. तिने सेन्योरच्या कानशिलावर नखाने टिचकी मारली. आवाज पोकळ आला. मग त्याचा हात हातात घेतला, तो गार होता, वजनदार, शंभर-दीडशे वर्षांचं तेल प्यालेलं हस्तिदंत, खिळ्याच्या भोकाभोवती केसासारख्या बारीक चिरा. पायही खरे होते. चेहऱ्यावरही चिरा होत्या, ज्या ती लहानपणापासून ओळखत होती, भुवईपाशी एक, ओठाच्या कडेला एक. तिने भिंगासारखीच नजर लावली. ओठाकडची चीर रंगवलेली होती. कुणीतरी बारीक कुंचल्याने, जीव ओतून, खऱ्या चिरेची हुबेहूब नक्कल काढली होती. त्या ओठांना ती दर शुक्रवारी ओठ लावत आली होती. ती खुर्चीत बसली. पंखा फिरत होता. छातीच्या आत तिची धातूची झडप टिक, टिक करत होती, शांत खोलीत नेहमी ऐकू यायची तशी.

चोरी, हे तिच्या मनात पहिल्यांदा आलं. मग चोरांची रांगच उभी राहिली. मिरवणुकीच्या गाडीला रंग द्यायला आलेला माणूस. पुराच्या वर्षी सेन्योरला माडीवर न्यायला मदत करणारी पोरं. तो भाचा, ज्याला दारूचं वेड होतं. एकेकाला ती आठवत गेली आणि प्रत्येकाला गुन्हेगार ठरवत गेली. मग एकदम दुसरंच काही आठवलं. आईची कुजबुज. पडद्याआड आई सेन्योरशी काय बोलायची? निलाला नेहमी वाटायचं, प्रार्थना म्हणत असेल. पण पाठ केलेल्या प्रार्थनेला एक चाल असते. आईच्या कुजबुजीला नव्हती. ती मधेच थांबायची, मधेच चिडायची, एकदा तर हसलीही होती. एखाद्याशी जुना व्यवहार मिटवता मिटत नसावा, तशी ती बोलायची.

वॉकरची चाकं फरशीवर करकरली. आई, सगळ्यांची नानाय पोलेंग, दारात येऊन उभी राहिली, चौऱ्याऐंशी वर्षांची, चिमणीएवढी, काळ्या पोशाखात. तिने आधी टेबलाकडे पाहिलं, मग निलाच्या मांडीवरच्या केसांकडे.

“लावलास ना हात? सांगितलं होतं मी.”

“नानाय, हे डोकं सेन्योरचं नाही.”

“मग कुणाचंय? तुझ्या बापाचं?”

“थट्टा नको. हे ओतीव आहे. रेझिन. कुणीतरी आपलं खरं डोकं लांबवलंय. फादरना फोन करायला हवा, पोलिसांतसुद्धा…”

“आधी ते केस झाक त्याच्यावर,” म्हातारी म्हणाली. “पंख्याचा वारा लागतोय त्याला. आणि खाली बस.”

“बसलेलीच आहे.”

“मग नीट बस. चोरीबिरी काही नाही झाली. मी विकलं.”

निलाला हे ऐकू आलं, पण शब्द आत जाईनात. तिला आईच्या ओठाला चिकटलेलं कापसाचं कुसळ दिसत होतं, ते काढावं असं वाटत होतं. बाहेर गल्लीत भरतीचं पाणी चढायला लागलं होतं, कुणाच्या तरी सपाता चुबुक चुबुक वाजत गेल्या. “कधी?” तिने विचारलं. तिला उत्तर कळलेलंच होतं, आणि तरी ते उत्तर दुसरं काही असावं म्हणून तिने मनातल्या मनात सेन्योरचाच धावा केला. सवयीने.

“तू दवाखान्यात होतीस तेव्हा. डॉक्टर म्हणाला, पंधरा दिवस, फार तर वीस. मनिलातला एक श्रीमंत होता, जुन्या मूर्ती जमवायचा. त्याला हात-पायही हवे होते. म्हटलं, तेवढी गरज नाही.”

“ऑपरेशनचे पैसे आंबोमामाने पाठवले होते. जहाजावरून.”

“आंबोने? त्याच्या अंगावर शर्ट धड नसायचा.”

“मी त्याला दर नाताळला पत्र लिहायचे! तो जाईपर्यंत आभार मानलेत मी त्याचे.”

“हो ना. मरेपर्यंत विचारायचा बिचारा मला, ही पोरगी कशाबद्दल आभार मानते गं.” म्हातारी खुदकन हसली आणि मग तिचं तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिने वॉकरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

निला उठून खिडकीपाशी गेली, परत आली. तिला राग यायला हवा होता आणि राग कुठून सुरू करावा ते कळत नव्हतं. दवाखान्यातलं छत तिला आठवलं, त्यावरचा ओलीचा डाग, जो तापात तिला जहाजासारखा दिसायचा, आणि म्हणूनच बहुधा मामाचं खरं वाटलं. शुद्धीवर आली तेव्हा आई उशाशी होती. आईचा चेहरा तेव्हा कसा होता? आनंदी होता का? नव्हता. आई तिच्याकडे असं बघत होती की जणू ती कुणाला तरी शोधतेय. निलाला वाटलं होतं, जागरणं झालीत. दोन महिन्यांनी गुड फ्रायडे आला, निला पडदा धरायला उभी राहिली, अजून उभं राहिलं की घेरी यायची, आणि पडद्यामागे पहिल्यांदाच आई रडली. त्याच दिवशी तिचे केस सेन्योरच्या डोक्यावर चढले. म्हणजे आईने रेझिनच्या डोक्यावर लेकीचे केस चिकटवले, आणि त्या रडण्याचा अर्थ निलाने कृतज्ञता असा लावला. आयुष्यातली सगळ्यात पवित्र आठवण म्हणून ती तिने जपली होती. कॉलेज सोडलं, नोकरी धरली, दोन स्थळं नाकारली, सेन्योरने मला राखलंय म्हणून मी सेन्योरला राखते, असं ती सांगायची. आणि तो घरात नव्हताच. कुण्या श्रीमंताच्या दिवाणखान्यात कपाटातल्या दिव्याखाली होता, तिच्यासाठी.

“यहूदानेसुद्धा तीस नाण्यांना विकलाच होता त्याला,” ती म्हणाली.

म्हातारीने मान डोलावली, जणू हे वाक्य कधीतरी येणार हे तिला माहीतच होतं. “पहिली दहा वर्षं मीही तेच म्हणायचे स्वतःला. मग एकदा मनात आलं, यहूदाच्या पैशांचं शेवटी काय झालं? प्रेतं पुरायची जमीन झाली. माझ्या पैशांची तू झालीस. मग कसला यहूदा? शब्बाथाच्या दिवशी, कामाला बंदी असताना, मेंढरू खड्ड्यात पडलं तर काढाल की नाही, हे त्यानेच विचारलं होतं ना सगळ्यांना? कुणालाही उत्तर देता आलं नाही. मला आलं.”

“त्याला विचारलंस तू?”

“विचारलं ना. सबंध दुपार विचारलं, हे असंच टेबलावर निजवून. गप्प राहिला. खटल्यात पिलातासमोर गप्प होता, माझ्यासमोरही गप्प. म्हटलं, नाही म्हणत नाहीस ना? मग काढते डोकं.”

“आणि लोक, नानाय? लोक याला रुमाल लावतात. आजारी माणसांना पुसतात त्या रुमालाने. पन्नास-पन्नास वर्षांच्या बायका गुडघ्यांवर येतात. तू त्यांना प्लॅस्टिकच्या पाया पडायला लावलंस!”

“मग आधी हस्तिदंताच्या पडत होत्या का?” म्हातारीने विचारलं. आणि मग एकदम थकून, वेगळ्याच आवाजात म्हणाली, “ते मला नाही सुटलं. लोकांचं मला कधीच नाही सुटलं. म्हणून तर त्याच्याशी भांडत बसायचे. आता तू बघ. मी म्हातारी झाले.”

तिने बघायचं होतं. निलाने नवी टाचणी शोधली, केस बसवले, भांग पाडला. तिचे हात आपोआप काम करत होते आणि डोकं दुसरीकडेच. स्वयंपाकघरात नारळाच्या दुधातली रताळ्याची खीर आटत होती, तिचा गोड वास येत होता. सारखं एकच मनात येत होतं, या सौद्यात मिळालं काय? लोक म्हणतात, तो माझ्यासाठी मेला. निलाही म्हणायची, दर रविवारी, सगळ्यांबरोबर, तोंड उघडायचं आणि म्हणायचं. ते सगळ्यांसाठी असतं, म्हणून कुणाच्या अंगाला लागत नाही. पण आता कुणी तरी तिच्याकडे बोट दाखवून म्हटलं होतं, तुझ्यासाठी, तुझ्या एकटीसाठी, अमक्या तारखेला. आणि त्या एकतीस वर्षांत तिने केलं काय? दाखले दिले. शिक्के मारले. वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलं म्हणून माणसांना परत पाठवलं. शेजारच्या जोसीला, जी जेट्टीवर मासे विकायची, तान्ह्या पोराच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी तीन खेपा घालायला लावल्या, कारण दवाखान्याचा कागद फाटका होता. नियम होता. तिसऱ्या खेपेला जोसी खिडकीपाशी काहीही न बोलता उभी होती आणि निलाने वर न बघता शिक्का मारला होता. देवाचं डोकं देऊन हे घेतलं? कुणी शहाणा माणूस असा सौदा करील का? एखादी डॉक्टर झाली असती, नन झाली असती, निदान चार पोरांची आई झाली असती, तर काही तोंड दाखवायला जागा होती. तिला आईची लाज वाटत नव्हती आता. स्वतःची वाटत होती.

बारा वाजता दार उघडलं. गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं, लोक चपला हातात घेऊन रांगेत उभे होते, उंबऱ्यावर पाय पुसून आत येत होते. सेन्योर शवपेटीत निजला होता, जांभळ्या मखमलीवर, केस दोन्ही खांद्यांवर. निला दरवर्षीसारखी डोक्याशी उभी, हातात कलोनचा कापूस. म्हातारी कोपऱ्यातल्या खुर्चीत माळ ओढत होती आणि लेकीकडे बघत नव्हती. पहिले दहा-बारा लोक गेले. रुमाल गालाला लावायचा, कपाळाला लावायचा, पुटपुटायचं, पुढे जायचं. एक म्हातारी वाकली आणि ओठ टेकले, त्या रंगवलेल्या चिरेवरच. निलाने डोळे मिटून घेतले. हे चालू द्यायचं तर उद्यापासून मीही विकणारीच. आईने निदान जीव वाचवायला विकलं, मी कशाला विकते? आब राखायला? तिने ठरवलं, पुढच्या माणसाला सांगायचं. मोठ्याने सांगायचं. मग मिरवणूक राहो, न राहो.

पुढची जोसी होती. हात धुऊन आली असली तरी मासळीचा वास येत होता तिला. नवऱ्याची मूत्रपिंडं गेली होती, आठवड्यातून दोनदा यंत्रावर घालावं लागत होतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तिने पिशवीतून घडी केलेला पांढरा रुमाल काढला.

“थांब जोसी,” निला म्हणाली. “लावू नकोस.”

“का गं, तीता निला? काही पुसायचंय का?” गल्लीत सगळेच तिला तीता, म्हणजे मावशी, म्हणत.

“हा तो नाही. हे डोकं खरं नाही. खरं विकलं आम्ही, फार वर्षं झाली. हे रेझिनचं आहे. याने कुणी बरं होत नाही. तू… तुम्ही सगळेच, मला माफ करा.”

कोपऱ्यातली माळ थांबली. निला वाट बघत होती, ओरडण्याची, शिव्यांची, कुणी काच फोडण्याची. जोसी नुसती तिच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग नव्हता, अवघडलेपण होतं. कुणाच्या तरी घरचं झाकलेलं ताट आपण उघडलं की येतं तसं.

“तुला कुणी सांगितलं?” तिने हलकेच विचारलं.

“म्हणजे?”

“अगं, माहितेय की आम्हाला. आमचे बाबा मान उचलायचे ना सेन्योरची, पेटीत ठेवताना. पहिल्याच वर्षी त्यांना हलकी लागली. घरी येऊन आईला म्हणाले, पोलेंगने डोकं देऊन पोरीला सोडवलं वाटतं. मग बाकीच्या खांदेकऱ्यांना कळलं. मग गल्लीला.” ती मागे वळली. “माहीत नव्हतं का कुणाला?”

रांगेतल्या कुणीच मान वर केली नाही. एक म्हातारा उगाच खोकला. “तुला कळू नये म्हणून गप्प होतो गं,” मागून एक बाई म्हणाली. “तुझ्या जिवाला लागेल म्हणून. आईला तुझ्या वाटेल, लोक हसतात.”

कोपऱ्यात नानाय पोलेंगचं तोंड उघडंच राहिलं होतं. एकतीस वर्षं ती ज्यांच्यापायी भांडत होती ते सगळे चपला हातात घेऊन तिच्यापुढे उभे होते. निलाला एकदम तीन वर्षांपूर्वीची मिरवणुकीची सभा आठवली. पलीकडच्या गल्लीतल्या एका गरीब कुटुंबाने संत पेत्राचा फायबरचा पुतळा करून आणला होता, आणि ती उभी राहून ताडताड बोलली होती, ओतीव पुतळ्यामागे आमचा सेन्योर चालणार नाही. सगळी सभा तेव्हा एकाएकी कॉफीच्या कपांमध्ये बघायला लागली होती. तिला वाटलं होतं, आपण जिंकलो. आणि त्यांनी तो पेत्र मुकाट्याने मागे नेला होता, ती माणसं, ज्यांना ठाऊक होतं. त्यांच्यापैकी एकानेही तिला शब्दाने दुखवलं नव्हतं. ती जमिनीत जायला तयार होती आणि जमीन काही उघडत नव्हती.

“मग येता कशाला?” ती म्हणाली. ओरडलीच. “माहीत होतं तर येता कशाला दरवर्षी?”

जोसीला या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. ती वाकली, रुमालाने सेन्योरचं कपाळ टिपलं, मग गाल, मग दाढीखाली, सावकाश, तापातल्या माणसाचा घाम टिपावा तसं. रुमालाची घडी उलटली. “हलू नकोस हं, तीता,” म्हणाली, आणि पुढे होऊन तो रुमाल तिने निलाच्या छातीवर, गळ्याच्या खाली जिथून व्रण सुरू होतो तिथे टेकवला आणि दाबून धरला. कापडातून तिच्या बोटांची ऊब लागत होती. तिचे ओठ हलत होते.

निलाला तो हात झटकून टाकावासा वाटला. मी त्याच्या डोक्याच्या मोलाची नव्हे, असं ओरडून सांगावंसं वाटलं, मी तुला तीन खेपा घालायला लावल्या होत्या. जोसीने डोळे मिटले होते. तिच्या मागच्या म्हातारीने आपला रुमाल झटकून हातावर पसरून तयार ठेवला होता, आणि तिच्या मागच्या माणसाने खिशात हात घातला होता.

“नवऱ्याचं नाव काय तुझ्या?” निलाने विचारलं. मग रुमालावरच्या हातावर आपला हात ठेवून तिने पुन्हा विचारलं, “प्रार्थनेत कुणाचं नाव घेऊ?”